हलणाऱ्या चित्राला वाचा कां नाहीं?

गेल्या दिवाळींत माझा भाचा वाळूजहून आमच्याकडे आला होता. तेथील औद्योगिक वसाहतींतल्या एका लहानशा कारखान्यांत तो नोकरीस आहे आणि नव्यानें दाखल होणाऱ्या उमेदवार मुलांना यंत्रांची ओळख करून देण्याचें काम त्याच्याकडे असतें. फराळाचें ताट पुढें येतें न येतें तोंच त्यानें खिशांतून मोबाईल काढला आणि म्हणाला, “मामा, एवढें एक काम करून द्या. या चित्रांतला आवाज बाहेर काढून द्या.”

चित्रें दोन होतीं, प्रत्येकी तीन सेकंदांचीं. लेथ यंत्राचा दांडा फिरतो आहे. तीन सेकंद संपले कीं चित्र पुनः पहिल्यापासून सुरू. मीं दोन्ही आलटून पालटून पाहिलीं, पण मला त्यांत फरक म्हणून दिसेना. “दिसणारच नाहीं,” भाचा म्हणाला. “पहिल्यांत बेअरिंग चांगलें आहे, दुसऱ्यांत तें गेलेलें आहे. डोळ्याला दोन्ही सारखींच. चांगलें बेअरिंग एका सुरांत गुणगुणतें; खराब झालें म्हणजे जात्यांत खडा यावा तशी घरघर ऐकूं येते. ती घरघर ओळखून ज्यानें यंत्र थांबविलें नाहीं, त्याचा दांडा केव्हां अडकून बसेल याचा नेम नाहीं. नुसतें यंत्राचें नुकसान झालें तर पुष्कळ म्हणावयाचें. एखादे वेळीं माणसाच्या हातावर बेततें.”

गंगापूर, वैजापूर, पैठण या बाजूच्या खेड्यांतून आलेलीं हीं मुलें. विहिरीवरच्या पंपाचा आवाज बिघडला तर तीं झोपेंतून उठतील, पण लेथ त्यांनीं जन्मांत पाहिलेला नसतो. त्यांच्यासाठीं भाच्यानें दोन्ही यंत्रांचें मोबाईलवर चित्रण केलें होतें आणि तें चित्रण ‘जिफ’ या प्रकारच्या फाईलींत रूपांतरित केलें होतें. कारण उघड होतें. जिफ कोठेंहि चालते, कळ न दाबतां आपोआप हलूं लागते आणि थांबत नाहीं. मोबाईलमध्यें जागा उरली नाहीं म्हणून मूळ चित्रण त्यानें पुसून टाकलें. वर्गांत पडद्यावर जिफ लावली तेव्हां दांडा फिरूं लागला आणि यंत्र मुकें झालें. खराब बेअरिंग तर केव्हांच भंगारांत गेलें होतें. आवाज त्या फाईलींतच कोठें तरी दडून बसला असेल, अशी त्याची भाबडी आशा होती.

ती आशा मला मोडावी लागली. आवाज तेथें दडलेला नव्हता. तो फाईलींत कधीं शिरलाच नव्हता. असें कां, हें त्याला समजावून देतांना मला जें बोलावें लागलें तेंच आज आपल्यापुढें मांडतों. श्रोतेहो, या घटकेला माझी स्थिति त्याच्या अगदीं उलट आहे. माझ्यापाशीं आवाज आहे, चित्र मुळींच नाहीं; तेव्हां तो फिरणारा दांडा आपण मनानेंच पाहावा.

चित्राला आवाजाची जोड देण्याची खटपट आपल्याकडे फार जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी नांवाचें गांव आहे. तेथील ठाकर मंडळी चित्रकथीचा खेळ करतात. रामायण-महाभारतांतील प्रसंगांचीं रंगविलेलीं पानें एकामागून एक प्रेक्षकांसमोर धरावयाचीं आणि वाद्यांच्या साथीवर कथा गावयाची, अशी ती रीत. चित्र कागदावर आणि आवाज गवयाच्या गळ्यांत, अशी येथें सरळ वांटणी आहे. पान उलटावयास उशीर झाला तर गवई एक ओळ घोळवितो, लवकर उलटलें तर चटकन् पुढें सरकतो. दोहोंचा मेळ घालणारा जिवंत माणूस मध्यें बसलेला असल्यामुळें बिघाड होण्याचें कारणच नाहीं.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईस गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत लागला, तोहि मुकाच होता. पुढें १९१५ सालीं त्यांनीं ‘आगकाड्यांची मौज’ हा लहानसा चित्रपट केला. काडी थोडी सरकवावयाची आणि एक छायाचित्र घ्यावयाचें, पुनः सरकवावयाची आणि पुनः घ्यावयाचें. एका मराठी माणसानें निर्जीव वस्तूंना चालावयास लावलें तें अशा रीतीनें. आजच्या जिफ चित्राची करणी मुळांत याहून निराळी नाहीं. मूकपटाच्या काळीं पडद्यापाशीं पेटीवाला आणि तबलजी बसत असत. म्हणजे चित्रकथीची व्यवस्थाच कायम राहिली होती, फक्त पानें यंत्र उलटीत होतें.

यंत्र पानें उलटूं लागलें आणि खरी अडचण सुरू झाली ती आवाजहि यंत्रानेंच काढावयाचा असें ठरल्यावर. अमेरिकेंत पहिली तोड निघाली ती ग्रामोफोनच्या तबकडीची. १९२७ सालच्या ‘द जॅझ सिंगर’ या प्रसिद्ध चित्रपटाचा आवाज निराळ्या तबकडीवर होता आणि चित्र निराळ्या फितीवर. दोन्ही एकाच मोटारीला जोडलेलीं असत. फीत कोठें तुटली आणि जोडतांना चार चौकटी कापल्या गेल्या कीं तेथून पुढें ओठ आधीं हलत आणि शब्द मागाहून येत. म्हणून कापलेल्या चौकटींच्या जागीं तितक्याच काळ्या चौकटी जोडाव्या लागत. एका घरांत राहून दोन चुली मांडल्या म्हणजे जें होतें तेंच हें.

तेव्हां दोहोंना एकाच फितीवर आणणें भाग पडलें. परंतु फितीची रुंदी ३५ मिलिमीटर, कडेचीं भोकें सोडून राहिलेली सगळी जागा चित्रानें व्यापलेली. आवाजाला जागा कोठून द्यावयाची? चित्राचीच जागा कापून! चित्राच्या कडेची सुमारें अडीच मिलिमीटर पट्टी काढून घेतली आणि तींत आवाजाचे चढउतार उजेड-अंधाराच्या रेघांनीं छापले. त्यायोगें चित्राची चौकट बेढब चौकोनी झाली; तिचा आकार पुनः डौलदार करण्याकरितां पुढें निराळें माप ठरवावें लागलें. फितीचा वेगहि आतां ऑपरेटरच्या मर्जीवर ठेवतां येईना. मूकपट थोडा हळू किंवा भरभर फिरविला तर पात्रें जरा घाईंत दिसत, एवढेंच. बोलपटांत तसें केलें तर नायिकेचा आवाज घोगरा होई. म्हणून सेकंदास २४ चौकटी हा वेग कायमचा बांधला गेला.

यांतील आणखी एक खुबी सांगितल्यावांचून राहवत नाहीं. एखाद्या चौकटींतील पात्र जो शब्द उच्चारतें तो शब्द त्या चौकटीच्या शेजारीं छापलेला नसतोच. तो सुमारें वीस चौकटी पुढें असतो. कारण असें कीं, चित्र दाखविण्यासाठीं फीत झरोक्यापुढें क्षणभर थांबवावी लागते, मग झटक्यानें ओढावी लागते. सेकंदांत २४ वेळां हें थांबणें आणि धांवणें चालतें. आवाजाला असे गचके सोसत नाहींत. त्यासाठीं फीत संथपणें वाहिली पाहिजे. म्हणून चित्र एका जागीं दाखवितात आणि फीत थोडी पुढें जाऊन संथ झाली म्हणजे तेथें आवाज वाचतात. चित्र उड्या मारीत चालतें, आवाज पाण्यासारखा वाहतो. या दोघांना एका दावणीला बांधणें कठीण कां, याचें सारें मर्म या एका भेदांत आहे आणि भाच्याच्या जिफचें कोडेंहि त्यांतच आहे.

१४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरांत अर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ बोलला आणि पुढल्याच सालीं कोल्हापुरास प्रभात कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’नें मराठी बोलून दाखविलें. पण ज्या थिएटरांत जुनें मूकपटाचें यंत्र होतें तेथें बोलपटाची फीत नेऊन काय उपयोग? रेघा फितीवर असत, त्या वाचणारा डोळा यंत्रांत नसे. तें नवें यंत्र गांवोगांव पोहोंचलें तेव्हांच बोलपट गांवोगांव पोहोंचला.

आतां जिफकडे वळूं. अमेरिकेंत कॉम्प्युसर्व्ह नांवाची एक कंपनी टेलिफोनच्या तारेवरून घरोघरच्या संगणकांना माहिती पुरवीत असे. १९८७ च्या जूनमध्यें तेथील स्टीव्ह विल्हाइट आणि त्यांचे सहकारी यांनीं चित्रें पाठविण्याचा हा साचा सिद्ध केला. निरनिराळ्या बनावटीच्या संगणकांवर एकच रंगीत चित्र सारखें दिसावें आणि तार मंद असल्यामुळें तें शक्य तितकें दाबून लहान करावें, एवढाच त्यांचा हेतु. नांवाच्या उच्चारावरून अजून वाद चालतो. विल्हाइट स्वतः ‘जिफ’ म्हणत, पुष्कळ लोक ‘गिफ’ म्हणतात. नांव देवनागरींत ठेवलें असतें तर ही कटकट उद्भवलीच नसती!

साचा म्हणजे काय, हें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. फाईल ही संगणकाच्या दृष्टीनें आंकड्यांची एक लांबच लांब ओळ असते. त्या ओळींतला कितवा आंकडा काय सांगतो, याचा लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामध्यें झालेला करार म्हणजे साचा. जिफच्या आरंभीं तिचें नांव आणि आवृत्ति दाखविणारीं सहा अक्षरें असतात, मग चित्राची रुंदी-उंची, मग रंगांची यादी. यादींत रंग २५६ पेक्षां अधिक बसत नाहींत. प्रत्येक ठिपक्याजवळ फक्त यादींतला क्रमांक लिहिलेला असतो. पुढें एकामागून एक चित्रें येतात. गंमत अशी कीं, प्रत्येक चित्राच्या आरंभीं जो आंकडा असतो तो अक्षरांत वाचला तर स्वल्पविराम होतो, जादा माहितीच्या प्रत्येक खणाच्या आरंभीं उद्गारचिन्ह असतें आणि सगळ्या फाईलीच्या शेवटीं अर्धविराम. व्याकरणाच्या मास्तरांनीं हा साचा केला असावा असें वाटतें.

१९८९ सालीं या साच्याची दुसरी आवृत्ति निघाली. तींत प्रत्येक चित्रापूर्वीं, हें चित्र किती वेळ दाखवावें, तें लिहिण्याची सोय झाली. यामुळें चित्रें हलूं लागलीं. मात्र त्या आवृत्तीच्या कर्त्यांनींच नमूद करून ठेवलें आहे कीं, हा साचा चलच्चित्रांसाठीं योजलेला नाहीं. मर्यादित प्रमाणांत तें जमेल, इतकेंच.

आवाज जड असतो म्हणून तो वगळला असेल, असें कोणास वाटेल. माझ्या भाच्यासहि तसेंच वाटलें. म्हणून आम्हीं फराळाच्या ताटाशेजारीं बसून हिशेब मांडला. चित्र ३२० ठिपके रुंद आणि २४० उंच धरलें तर ठिपके ७६,८०० होतात आणि प्रत्येकास एक बाईट लागतो. सेकंदास दहा याप्रमाणें तीन सेकंदांचीं तीस चित्रें, म्हणजे २३,०४,००० बाईट. टेलिफोनच्या दर्जाचा आवाज घेतला तर सेकंदास ८,००० नमुने, प्रत्येकी एक बाईट. तीन सेकंदांचे २४,०००. दोन्ही आंकडे दाबून लहान करण्यापूर्वींचे आहेत. म्हणजे आवाज चित्राच्या शंभराव्या हिश्शाएवढाच भरला. गाडींत आवाजाला जागा नव्हती असें नाहीं. त्याचें तिकीटच कोणी काढलें नव्हतें.

तें तिकीट आतां काढतां येणार नाहीं काय? येथें मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. वर जादा माहितीचे खण म्हणून जे सांगितले, त्यांत एक खण असा आहे कीं तो कोणत्याहि कार्यक्रमानें आपल्या स्वतःच्या उपयोगासाठीं वाटेल तसा भरावा. ज्यास तो समजत नाहीं त्यानें तो मुकाट्यानें ओलांडून पुढें जावें, असा नियम आहे. नेटस्केप या ब्राउझरच्या कर्त्यांनीं १९९५-९६ च्या सुमारास याच खणांत “हें चित्र पुनःपुनः फिरवा” अशी सूचना लिहिली. मूळ करारांत ती नव्हती. पण ती लोकांना आवडली, इतर ब्राउझरांनीं ती मानली आणि तींतूनच आजचें अखंड फिरणारें जिफ जन्मास आलें. नेटस्केप ब्राउझर २००८ सालीं निकालांत निघाला, तरी त्याचें नांव अजून अशा प्रत्येक फाईलींत छापलेलें असतें.

मग त्याच खणांत आवाज कां भरूं नये? खुशाल भरा. फाईल बिघडणार नाहीं, चित्र पूर्वींसारखें फिरेल आणि जगांतील प्रत्येक यंत्र तो खण ओलांडून जाईल. आवाज आंत असेल आणि कोणास ऐकूं येणार नाहीं. बोलपटाची फीत मूकपटाच्या यंत्रावर चढविण्यासारखेंच हें झालें. फिरविण्याच्या सूचनेला सर्व वाचणाऱ्यांनीं मान डोलावली. आवाजाला कोणी डोलावली नाहीं.

न डोलावण्यासहि कारण आहे, आणि तें पुनः त्या उड्या आणि प्रवाह यांच्या भेदांत सांपडतें. जिफमध्यें प्रत्येक चित्राचा वेळ सेकंदाच्या शतांशांत लिहितात, तोहि पूर्णांकांत. सिनेमाच्या २४ चौकटींच्या वेगास प्रत्येक चौकटीला चार शतांश आणि वर एक षष्ठांश शतांश हवा. तो लिहितां येत नाहीं. चार लिहावे तर चित्र दर सेकंदास चार शतांशांनीं पुढें धांवतें. मिनिटाभरांत तें आवाजाच्या जवळजवळ अडीच सेकंद पुढें जाईल. पांच लिहावे तर तें मागें रेंगाळेल. शिवाय हा आंकडा वाचणारीं यंत्रें तो काटेकोर पाळतातच असें नाहीं. एक शतांश लिहिला तर पुष्कळ ब्राउझर त्याचे दहा करतात. संगणक दुसऱ्या कामांत गुंतला असला तर चित्र जरा थबकतें आणि आपल्याला त्याचा पत्ताहि लागत नाहीं. डोळा उदार आहे, कान मोठा हिशेबी आहे. आवाजांत सेकंदाच्या विसाव्या हिश्शाचा खंड पडला तरी फटकन् ऐकूं येतें. म्हणून जेथें दोन्ही एकत्र नांदतात तेथें बहुधा आवाजाच्या घड्याळाला प्रमाण मानून चित्राला त्यामागें चालवितात. जिफमध्यें असें सामाईक घड्याळच नाहीं. पुढें आलेले ‘एपीएनजी’ आणि हलतें ‘वेबपी’ हे साचे रंगांच्या बाबतींत पुष्कळ संपन्न आहेत. परंतु तेहि चित्रांचेच साचे आणि म्हणून मुकेच.

आवाज हवा असेल तर साचाच बदलला पाहिजे. ‘एमपी-फोर’ किंवा २०१० सालीं निघालेला ‘वेबएम’ हे साचे मुळापासून दोन प्रवाहांसाठीं बांधलेले आहेत. त्यांत चित्राचा एक पदर आणि आवाजाचा एक पदर वेणीसारखे गुंफलेले असतात आणि प्रत्येक तुकड्यावर त्याची वेळ लिहिलेली असते. आपल्याजवळ जिफ असेल आणि आवाज निराळा मुद्रित केलेला असेल, तर दोन्ही मिळून अशी नवी फाईल करतां येते. घरीं करून पाहणाऱ्यांसाठीं अनुभवाच्या दोन गोष्टी सांगतों. चित्राची रुंदी-उंची सम संख्येंत ठेवावी. एमपी-फोरमध्यें चित्र दाबण्याची जी नेहमींची रीत आहे ती ३२१ सारखी विषम रुंदी बहुधा पत्करीत नाहीं आणि कारण न समजल्यामुळें माणूस तासभर डोकें फोडून घेतो. दुसरें, चित्र तीन सेकंदांचें आणि आवाज सात सेकंदांचा असला तर चित्र पुनःपुनः फिरवून आवाज संपेल तेथें दोन्ही तोडावीं. आवाजाला चित्राच्या मापानें कापूं नये. रंग मात्र सुधारत नाहींत. जिफनें जे २५६ रंगांत आटविले ते आटलेलेच राहतात. भाच्याची गेलेली घरघर जशी परत येत नाहीं तसेच हे.

आतां कोणी म्हणेल, व्हॉट्सॲपवर तर जिफ म्हणून रोज चित्रें येतात, तीं कोणत्या साच्याचीं? बहुतेक वेळां तीं जिफ नसतातच. आंतून तीं एमपी-फोर असतात. नांव आणि मुकेपण तेवढें जुन्या घराण्याचें ठेवलें आहे. कारण तीच चित्रें जिफमध्यें पाठविलीं तर कितीतरी पटींनीं मोठीं होतात. मुकेपणाचेंहि कारण आहे. आवाज असलेलें चित्रण पानावर आपोआप सुरू होऊं देऊं नये असा निर्बंध मोठ्या ब्राउझरांनीं घातला आहे. २०१८ पासून क्रोमहि तो पाळतो. कचेरींत बसून वर्तमानपत्राचें पान उघडावें आणि अकस्मात् जाहिरात किंचाळूं लागावी, हा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे ते या निर्बंधाला नांवें ठेवणार नाहींत. पण त्याचा अर्थ असा कीं, आवाज घेतला तर कोणी तरी कळ दाबली पाहिजे. जिफचें जें वैशिष्ट्य भाच्याला हवें होतें, आपोआप चालण्याचें, तें आवाजाबरोबर मिळत नाहीं.

तो थोडा खट्टू होऊन वाळूजला परत गेला. शिमग्याच्या सुमारास एके रात्रीं त्याचा फोन आला. दुसऱ्या एका लेथचें बेअरिंग घरघरूं लागलें होतें. फोरमन तें काढून टाकावयास निघाला, तेव्हां यानें त्यास दहा मिनिटें थांबविलें, यंत्रावरचें काम उतरवून घेतलें आणि रिकामा दांडा फिरवून चित्रण केलें. “या वेळीं जिफ केली नाहीं,” तो म्हणाला, “आणि मूळ फाईल तीन ठिकाणीं ठेवली आहे. ऐका.” त्यानें मोबाईल फोनजवळ धरला. टेलिफोनच्या त्या आठ हजार नमुन्यांतूनहि घरघर स्वच्छ ऐकूं आली. वर्गांतलीं मुलें अजून तिला जिफच म्हणतात आणि “सर, ती घरघरणारी जिफ पुनः लावा,” असें सांगतात. प्रत्येक वेळीं कळ मात्र त्याला दाबावी लागते.